डेपो लाइनीतला हिरो

हिरोला हव्या त्या डोळ्यातून रडता येत असे. "उजवा," असं कोणी म्हटलं की तो नाकाचा शेंडा जरासा आक्रसून घ्यायचा आणि उजव्या डोळ्यातून एक टपोरा थेंब गालावर उतरायचा. डावा डोळा तेव्हा ठणठणीत कोरडा. मग कोणी तरी "आता डावा" म्हणायचं. मूठभर भाजक्या लाखोळीच्या डाळीवर हा खेळ तो दिवसातून कितीही वेळा करून दाखवी. त्याचं पाळण्यातलं नाव सदाशिव, पण ते फक्त त्याच्या मायच्या तोंडी उरलं होतं. वडशाच्या लाकूड डेपोमागच्या आमच्या लाइनीत तो सगळ्यांचा हिरो. डेपोच्या मुनीमजींकडे रजा मागायला जाताना लोक त्याला सोबत नेत. माणूस बोले, हिरो रडे. मुनीमजी मान वर न करता विचारत, "काऊन बे, तुया घरी आतापर्यंत किती माणसं मेली?" पण रजा मिळे.

आमची लाइन म्हणजे घरांची एकच लांब ओळ. समोर सागवानाचे ढीग, मागे रेल्वेचे रूळ. कुरखेड्याकडच्या जंगलातून ओंडके बैलगाड्यांवर यायचे, डेपोत चिरले जायचे आणि रेल्वेच्या छोट्या गाडीने गोंदियाला रवाना व्हायचे. चिरताना ओंडक्याच्या कडेच्या ज्या सालीसकट फळ्या निघत त्या कोणाच्याच कामाच्या नसत. त्याच आमच्या भिंती. वर कवेलू. घरात बारा महिने ओल्या सागाचा वास असे. पुढे मी जिथे जिथे राहिले तिथे पहिले काही दिवस मला घर घरासारखं वाटत नसे, ते त्या वासावाचून.

आरा म्हणजे दोन माणसांनी ओढायची, माणसाहून लांब करवत. उंच लाकडी घोडीवर ओंडका चढवायचा. एकजण ओंडक्यावर उभा राहणार, एकजण खाली. वरच्याने रेघ सांभाळायची, खालच्याने जोर लावायचा, आणि भुसा सगळा खालच्याच्या डोळ्यात. वर हिरोचे वडील लटारूकाका आणि खाली माझे बाबा, ही जोडी माझ्या जन्माआधीपासूनची. लटारूकाका बोलायचे कमी. त्यांचा एक नेम होता. सुरू केलेला ओंडका ते अर्धवट सोडत नसत. दिवस मावळो, पाऊस येवो, ओंडका पुरा चिरल्याशिवाय खाली उतरणं नाही. "अर्धा कापून ठेवला तं त्याले झोप येईन का?" असं ते विचारत, जणू ओंडका रात्रभर कण्हणार होता.

माझ्या बाबांचे डोळे लाल राहू लागले, पुढे त्यांतून सारखं पाणी येऊ लागलं, तेव्हा त्यांच्या जागी खाली हिरो आला. सतरा-अठराचा असेल. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवसांत वडशाला तंबूतला सिनेमा येई. एकेक सिनेमा तो कितीदा पाही कोण जाणे, पण पुढचे सगळे महिने त्यातली वाक्यं तो ओंडक्याखालून म्हणायचा. आरा खाली आला की अर्धं वाक्य, वर गेला की उरलेलं अर्धं. वरून लटारूकाका खेकसत, "तोंड मिट. भुसा पोटात जाऊन राह्यला." हिरो तोंड मिटे, दोन-चार ओढी गप्प राही आणि पुन्हा एखाद्या राजपुत्राच्या आवाजात सुरू होई. लाइनीतल्या बायका धुणं धुता धुता हसत. लटारूकाका मात्र कधी हसले नाहीत. आपल्या हाताखाली आपला पोरगा आहे, पण त्याचं मन तिथे नाही, हे त्यांना आऱ्याच्या दांड्यातून कळत असावं.

तो गेला तो दिवस मला लख्ख आठवतो. चैत्राचं ऊन होतं आणि मी त्या दोघांसाठी पाणी घेऊन गेले होते. "पाणी पिऊन येतो, बा," असं म्हणून हिरो ओंडक्याखालून बाहेर आला. घटाघटा प्याला. डोळ्यांवर भुसा येऊ नये म्हणून कपाळावरून बांधलेलं ओलं फडकं त्याने सोडलं, झटकलं, नीट चौघडी केली आणि माझ्या हातात दिलं.

"हे शिवरामकाकाले दे."

"बाबा तं घरी हायेत. त्याईले कायले?"

"दे ना, गिरजे."

आणि तो स्टेशनच्या दिशेने चालू लागला. मला वाटलं, नळावर तोंड धुवायला चालला असेल. छोटी गाडी शिटी देऊन सुटली तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. लटारूकाका ओंडक्यावर उभे होते. आरा अर्ध्यात रुतलेला. त्यांनी एकदा हाक मारली, "सद्या!" मग गाडीचा धूर झाडांच्या वर दिसला, आणि ते ओंडक्यावर खाली बसले. एकट्याने आरा ओढता येत नाही. कोणी तरी सांगायला गेलं तेव्हा बाबा घरातून उठून आले, माझ्या हातातलं ते फडकं कपाळावरून बांधलं आणि खाली जाऊन उभे राहिले. दिवस मावळायच्या आत ओंडका पुरा झाला. 

बाबा त्या दिवशी खाली गेले ते पुढे कितीतरी हंगाम खालीच राहिले. मला सख्खा भाऊ नाही. दर भाऊबीजेला मी हिरोला ओवाळत असे. त्या वर्षी माय म्हणाली, "चंद्राले ओवाळ." मी चंद्रालाही ओवाळलं नाही. बाबांच्या डोळ्यांवर गरम पाण्याचा शेक देताना मला हिरोचा इतका राग येई की हातातलं फडकं मी नको इतकं पिळायची.

त्याची माय, सगुणामावशी, हिचं दुःख निराळ्या वाटेने गेलं. सद्या मुंबईला सिनेमात आहे, हे तिने कोणाकडून तरी ऐकलं आणि त्याला घट्ट धरून ठेवलं. तंबूचा सिनेमा आला की ती सगळ्यांत पुढे जमिनीवर जाऊन बसे. पडद्यावर नायक-नायिका काय करतात याच्याशी तिला घेणं नव्हतं. बाजाराचं दृश्य आलं, वरात आली, फौज आली, की ती गुडघ्यांवर उठून एकेक चेहरा पाही. मागचे लोक ओरडत, "ओ बाई, खाली बसा जी!" ती बसे आणि शेजारणीला सांगे, "गर्दी लवकर निंगून गेली वो. त्यात असन." लटारूकाकांनी मात्र त्या तंबूच्या बाजूने जाणंही सोडलं होतं.

चार-पाच वर्षांनी, दिवाळीच्या आदल्या दिवशी, हिरो छोट्या गाडीतून उतरला. अंगात पांढरा शर्ट, भांग एका बाजूला, हातात पत्र्याची जड ट्रंक. सगळी लाइन जमली. ट्रंकेत काय असेल याबद्दल पैजा लागल्या होत्या. त्याने ती उघडली तर आत रंधा, पटाश्या, हातोड्या आणि कानसा. लोक एकमेकांकडे पाहू लागले. माझ्या बाबांना तोवर जवळचंच काय ते दिसत होतं. त्यांनी हिरोचा हात हातात घेतला, डोळ्यांशी नेला, अंगठा फिरवून पाहिला.

"हा हिरोचा हात नाई," ते म्हणाले. "सुताराचा हाय."

हिरो हसला. मग त्याने स्वतःच सगळं सांगून टाकलं, काही न झाकता. स्टुडिओच्या फाटकावर तो पंधरा-वीस दिवस उभा राहिला. एके दिवशी एका मोठ्या माणसाची गाडी थांबली तेव्हा त्याने धावत जाऊन खिडकीशी आधी उजव्या, मग डाव्या डोळ्यातून रडून दाखवलं. तो माणूस कंटाळून म्हणाला, "रोनेवाले बहुत हैं. कील ठोकना आता है?" हिरो म्हणाला, येतं. आणि त्या दिवसापासून तो खिळे ठोकू लागला. सिनेमासाठी राजवाडे, देवळं, झोपड्या, तुरुंग बांधणारा सुतार झाला. "हिरो व्हाले गेला अन् खिळा होऊन आला," असं कोणी तरी म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने हिरोच हसला. लटारूकाका त्या वेळी अंगणात पाठ करून बसले होते. ते उठून आत गेले. पोरगा जेवून उठल्यावरच ते जेवायला बसत, आणि तो घरात असला की बाहेर.

भाऊबीजेला तो आपण होऊन आमच्या घरी आला आणि पाट ओढून बसला. मी निरांजन लावलं, पण हात उचलेना.

"बाबाचे डोळे पाह्यले का?" मी विचारलं.

"पाह्यले."

"मंग?"

तो खाली मान घालून पाटाची कड नखाने खरडत राहिला. आतून माय म्हणाली, "वात विझून राह्यली, गिरजे." मी ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्याने माझ्या ताटात काय ठेवावं? एक लाकडी पेटी, तळहाताएवढी, कुठे खिळा न दिसणारी. मी ती घेतली, पण त्याच्याशी धड बोलले नाही.

मग मंडई आली. तंबूवाल्याची बैलगाडी भोंग्यातून सिनेमाचं नाव पुकारत लाइनीवरून गेली आणि हिरो जेवता जेवता उठला. "माय! ह्याच सिनेमात मायं काम हाय!" झालं. लाइनीतलं झाडून माणूस संध्याकाळच्या खेळाला गेलं, लटारूकाका सोडून. सिनेमा राजाराणीचा होता. सगुणामावशी पुढे गुडघ्यांवर. बाजार झाला, लढाई झाली, कैदी झाले, पण हिरो कुठेच दिसेना. लोक चुळबुळ करू लागले. आणि मग तो दरबार आला. वळण घेत वर गेलेला प्रचंड जिना, आणि त्यावरून शालू सावरत राणी उतरू लागली. पुरुषांच्या बाजूने हिरो ताडकन उभा राहिला.

"ते पाहा! ते पाहा!"

"कोण? राणी?"

"राणी नाई बे! जिना! तो जिना म्या केला!"

तंबूभर हशा उसळला. शिट्ट्या पडल्या. राणी काय बोलली ते कोणालाच ऐकू आलं नाही. मला वाटलं, सगुणामावशी आता रडेल. इतकी वर्षं ती जे शोधत होती ते हे? पण ती पडद्याकडे टक लावून पाहत होती. जिना दिसेनासा होईपर्यंत पाहत होती. मग शेजारणीकडे वळून म्हणाली, "मी गर्दीत पाहत होती, वो. हा तं पार राणीच्या पायाखाली निंगाला." आणि तिचा चेहरा असा उजळला की हसणारे हळूहळू गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणातून मला त्या बापलेकांचं पहिलं बोलणं ऐकू आलं. जिन्याची गोष्ट रात्रीच लटारूकाकांच्या कानावर गेली होती. ते आऱ्याच्या दात्यांना कानस लावत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोणतं लाकूड?"

हिरो बाजेवरून खाली उतरला. "लाकूड नाई, बा. बारीक पट्ट्या, वरून पोतं, त्यावर प्लास्टर अन् रंग."

"अन् बाई पडली नाई?"

"नाई पडली."

"मंग आता कुठी हाय तो जिना?"

"काम झालं का तोडून टाकते."

लटारूकाकांची कानस थांबली. "तोडाले बांधते?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. ज्या झाडाला वाढायला त्यांच्या बापाचा आणि आजाचा जन्म गेला होता त्या झाडाच्या फळ्या करणारा हा माणूस. त्यांनी आरा उचलला आणि कामाला निघून गेले.

हिरोची रजा संपत आली होती. परतायचं तिकीट काढायला तो स्टेशनवर जाणार होता. त्या सकाळी मी बाबांना हाताला धरून डेपोत नेत होते, कारण आता त्यांना वाटेतले ओंडकेही दिसत नव्हते, फक्त आरा हातात दिला की ओढता येत होता. घोडीजवळ पोहोचलो तर खाली आधीच कोणी तरी उभं होतं. पांढरा शर्ट काढून ठेवलेला, कपाळावरून फडकं बांधलेलं. बाबांनी आऱ्याच्या दांड्यासाठी हात पुढे केला तो हिरोच्या हाताला लागला.

"काका, घरी जा," हिरो म्हणाला. "मी हावो."

लटारूकाकांनी वरून खाली पाहिलं. मला वाटलं, ते उतरतील. बराच वेळ ते पायाखालच्या ओंडक्याची रेघ पाहत राहिले. मग म्हणाले, "ओढ."

आरा चालू झाला. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून तो आवाज ऐकत उभे राहिले. "बरोबर ओढून राह्यला," ते म्हणाले. "आता लक्ष हाय त्याचं." घरी येताना माझा राग कुठे गळून पडला ते मला सांगता येणार नाही.

मुंबईची त्याची जागा गेली. तिकडे कोणी कोणाची वाट पाहत नाही, असं तो म्हणे, आणि पुन्हा तो विषय काढत नसे. पण त्याच हंगामाच्या शेवटी वडशात आरा मशीन आलं. दोन माणसांचं दिवसभराचं काम ते बिडी ओढून होईस्तो करी. एकामागून एक घोड्या रिकाम्या झाल्या. लाइनीतली माणसं अंगणात बसून मशीनचा आवाज ऐकत. तेव्हा हिरोने विचार केला तो थंडीतल्या नाटकांचा. आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होत, पण मागे एक रंगवलेला पडदा, बास. हिरोने बांबू, तरट आणि कागदाच्या लगद्याचा राजवाडा केला. कमान, दोन खांब आणि मधोमध जिना. तो मोडून दोन बैलगाड्यांत मावत असे. प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण, त्यामुळे कुठल्याही गावी दुपारी पोहोचलं की संध्याकाळी राजवाडा उभा. बिनकामाचे झालेले आरा ओढणारे गडी हा राजवाडा घेऊन हिंडू लागले. आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड. ज्या गावाला जिना जाई तिथली गर्दी आधी जिना पाहायला येई.

लटारूकाका म्हणत, "खोटं लाकूड." पण एका थंडीत हिरोच्या लक्षात आलं की जिन्याचा एक तुकडा भलताच जड लागतोय. पाहतो तर मधली पायरी अस्सल सागवानाची, रंधा मारून गुळगुळीत केलेली, वरून इतरांसारखाच रंग दिलेली. त्या वर्षी राजाचं काम करणारा गडी अंगाने भारी होता. हिरोने बापाला काहीच विचारलं नाही. ती पायरी जिथे राजा थांबून भाषण करतो नेमक्या तिथे बसवली, आणि पुढच्या सगळ्या नाटकांत ती तिथेच राहिली.

माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा शाळेतल्या बाईंनी माझं नाव नागपूरच्या मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी पाठवलं आणि ते लागलं. घरात वादळ उठलं. माय म्हणाली, "एकटी पोरगी जाईन? लोक काय म्हणतीन?" हिरो दारात बसला होता.

"मी न सांगता गेलो, मावशी," तो म्हणाला, "तं लोकायचं तोंड अजून बंद नाई झालं. हे सांगून जाऊन राह्यली. सांगून गेलेल्या माणसाले परत येता येते. मले विचार."

तेव्हा आमचा चांदा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. हिरो पुढे म्हणाला, "अन् मी एकटा मुंबईले गेलो तं बा बोलला नाई. आता अख्खा जिल्हाच गेला, त्याले कोण काय म्हणते?" मायला हसू आवरलं नाही.

माझी अडचण बाबांची होती. त्यांना आता अंधार आणि उजेड एवढंच कळत होतं. पण तेच म्हणाले, "जा तू. मले घरात सारं ठाऊक हाय. हाताले सापडते."

स्टेशनवर सगळी लाइन आली. हिरो गेला त्या दिवसापासून लटारूकाकांनी त्या फलाटावर पाय ठेवला नव्हता, तेही आले. त्यांनी मला सागवानाची एक पट्टी दिली, स्वतः घासलेली. "पोट्ट्यायले मारू नको यानं," ते म्हणाले. "रेघा मार."

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी परत आले. लाइनीत लिहिता येणारी मी एकटीच होते, त्यामुळे गेल्या महिन्यांत घरून पत्र येण्याचा प्रश्नच नव्हता. स्टेशनवर उतरून मी नेहमीच्या वाटेने रूळ ओलांडले आणि थांबले. लाइन नव्हती. जमिनीवर सारवलेल्या चौकोनांची रांग, प्रत्येकात चुलीचा काळा डाग, आणि पलीकडे मशीनची नवी पत्र्याची शेड. आमच्या घरासमोरचा कडुनिंब होता. त्याच्याजवळचं दार नव्हतं.  बाबा कुठे आहेत? आंधळा माणूस कुठे गेला असेल?

डेपोचा चौकीदार लांबून ओळखून आला. "शिवरामभाऊची पोट्टी ना तू?"

"लाइन कुठी गेली, भाऊ?"

"रेल्वेच्या फाटकाच्या पल्याड," तो म्हणाला. "तुमच्या हिरोनं उचलून नेली. अख्खी."

मी धावतच गेले. फाटकापलीकडच्या पडीक जमिनीवर आमची लाइन उभी होती. तीच घरं, त्याच फळ्या, त्याच क्रमाने. फळ्यांवर खडूच्या खुणा अजून पुसल्या नव्हत्या. हिरो शेवटच्या घरावर कवेलू बसवत होता, तो शिडीवरून उतरला आणि कपाळ पुसत सगळं सांगू लागला. मशीनवाल्या ठेकेदाराला जागा हवी होती. पाऊस संपायच्या आत उठा म्हणाला. लोक घाबरून आपापली घरं कशीही उपटू लागले. कोणी सासुरवाडीला जाणार, कोणी भावाकडे. लाइन फुटणार होती. हिरोने सगळ्यांना थांबवलं, एकेका फळीवर खूण केली आणि नाटकाच्या बैलगाड्या लावल्या. घराघरातलं अंतर मोजायला दोरी धरली ती लटारूकाकांनी. "बा म्हणे, हे तोडणं नाई, हे उचलणं हाय," हिरो म्हणाला.

तेवढ्यात लाइनीच्या त्या टोकाकडून बाबा येताना दिसले. काठी काखेत, टेकत नव्हते. आमच्या घरासमोर एक सालटं काढलेला खांब रोवलेला होता, वाटेच्या अगदी मध्ये. बाबांनी त्याला हात लावला, उजवीकडे वळले, आमच्या ठेंगण्या चौकटीखाली सवयीने मान झुकवली आणि आत गेले. माठावरचं झाकण वाजलं.

"वाटेत खांब कायले रोवला?" मी विचारलं.

"कडुनिंब उचलता येत नाई, गिरजे," हिरो म्हणाला. "काका तं त्याले हात लावून वळे. जुन्या जागी दोरीनं मोजला अन् इथी खांब ठोकला. पयल्या दिवशीच घर सापडलं त्याईले."

बाबा पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आले. कोणी तरी आलंय एवढं त्यांना चाहुलीवरून कळलं होतं. त्यांनी गडवा बरोबर माझ्या दिशेने धरला. "घ्या, पाणी घ्या जी. कोण हायेत?" मी उत्तर देईपर्यंत हिरो पुन्हा शिडीवर चढला होता.

हिरोला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. लटारूकाका, बाबा, कोणीच राहिलं नाही. सालीच्या फळ्या गेल्या, विटांची पक्की घरं आली, पण ती बांधतानाही लोकांनी क्रम बदलला नाही. मधे एकदा गेले तर वाट रुंद करायचं काम चालू होतं. मजूर खांब उपटायला निघाले होते आणि लाइनीतली एक तरुण सून, हिरोला कधी न पाहिलेली, त्यांच्याशी भांडत होती.

"त्याले हात नाई लावाचा," ती सांगत होती. "इथी कडुनिंब होता."